तेरा नंबर

फत्तू तडवीने तिला अडावदच्या शिवारातून आणली,
कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या तेव्हा.
पत्र्याचा डबा, झाकणाला खिळ्याने पाडलेली सात भोकं.
वजन बावन्न ग्रॅम. डाव्या कानाला जुनी चीर.
आधी व्यालेली आहे का? प्रश्नचिन्ह.
मी वहीत लिहिलं: मादी, क्रमांक तेरा.
मऊ केसांचा शेतउंदीर. चावते.

चोपड्याच्या कॉलेजात, सायकल स्टँडला लागून आमची खोली.
खिडक्यांना काळा कागद.
चौदा तास उजेड, दहा तास अंधार,
असं प्रबंधाच्या आराखड्यात लिहिलंय.
चोपड्याची वीज आराखडा वाचत नाही.

रोज सकाळी आठला
काडीच्या टोकाला कापूस, मीठपाण्याचा एक थेंब,
आणि काचपट्टीवर तिच्या आतली खबर.
गोल पेशी, मधोमध ठसठशीत केंद्रक: अजून वेळ आहे.
केंद्रक हरवलेल्या, कडा दुमडलेल्या,
खाटेवर वाळत घातलेल्या बिबड्यांसारख्या: माज.
चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच,
पुस्तकात.

तेरा नंबरच्या पट्टीवर सत्तावन्न दिवस
फक्त पांढऱ्या पेशी, सांडलेली खसखस.
पारा पंचेचाळीसवर. पिंजऱ्यांवर ओली पोती.
नरांची वृषणं पोटात चढलेली,
बोटांनी चाचपलं तरी लागत नाहीत.
फत्तू हसतो,
ह्या ऊनमा कोनले सुचस, ताई?

मी ज्वारी बदलली, मोड आलेला हरभरा दिला,
दुसऱ्या नराच्या पिंजऱ्यातला भुसा तिच्या कोपऱ्यात ठेवला.
तिने त्यावर लघवी केली आणि पाठ फिरवली.

मग एका दुपारी फत्तू सायकलवर पोतं घेऊन आला.
त्याच बांधावरची काळी माती, हातभर थर,
न विचारता काचेच्या टाकीत ओतला.
तिले माटी जोयजे.
बीळ नही, ते लेकरं नही.
गाईड म्हणाले असते, हा अनियंत्रित घटक.
मी तो वहीत लिहिला नाही.

तिसऱ्या रात्री ती जमिनीखाली होती.
बिळाचं तोंड आतून मातीने बुजवलेलं,
जसं कुणी घरी असून कडी लावावी.
अकराव्या दिवशी काचपट्टीवर
बिबड्याच बिबड्या.
सात नंबरचा नर सोडला.
सकाळी मेणाच्या थेंबासारखं पांढरं बूच,
आणि मी शून्य दिवस लिहिला.

विसाव्या रात्री पलीकडच्या लॉन्सवर कुणाची तरी हळद होती.
डीजेने काचेच्या बाटल्या रॅकवर थरथरत होत्या
असं वॉचमन म्हणाला. मी आठलाच आले.
पिल्लं पाच. गुलाबी, डोळे मिटलेले.
कातडी इतकी पातळ
की पोटातलं दूध बाहेरून दिसतं,
पांढरी रेघ.
तीच रात्र, तोच नर: काचपट्टी सांगते
की बाळंतीण पुन्हा माजावर आली होती.
तिला सुतक नाही, सोयर नाही.
दुसऱ्या खेपेला चार.

प्रयोग संपला की ईथर.
आराखड्यात तेही आहे.
फत्तू त्या दिवशी चहाला गेला तो परतलाच नाही.
गर्भाशयाची दोन शिंगं मी मेणाच्या थाळीत ताणून टाचली.
प्रत्येक वार जिथे चिकटलेली असते
तिथे एक काळपट डाग उरतो.
शरीर स्वतःची वही ठेवतं,
आणि त्यात खाडाखोड नाही.

पाच आणि चार, नऊ.
डाग अकरा.

पुन्हा मोजले. भिंग बदललं. अकरा.
ती हळदीची रात्र असेल:
सात झाली, आणि आठ वाजेपर्यंत पाच उरली.
किंवा ते दोन आधीचे,
अडावदला, पऱ्हाट्यांखाली,
डब्याचं झाकण बसलं तेव्हा
बिळात मागे राहिलेले.
फिकट आहेत. पण किती फिकट म्हणजे जुने
हे पुस्तक सांगत नाही.

माती फत्तूने कॉलेजमागच्या निंबाखाली ओतून दिली.
त्यात ज्वारीचे दाणे निघाले,
तिने साठवलेले, एकोणतीस.

वहीत शेवटी एक अरुंद रकाना असतो, शेरा.
वर्षभर मी त्यात काही लिहिलं नव्हतं.
आज लिहिलं:
माती दिली होती.